मापट्यावरची शीग

पुण्यात शेर दोन होते. एक मापाचा, म्हणजे धान्य भरायचे लाकडी किंवा पितळी भांडे. दुसरा तराजूचा, म्हणजे पारड्यात टाकायचे वजन. नाव एकच असल्यामुळे दोघांचे काही नाते असावे, असे परक्याला वाटे. प्रत्यक्षात मापाच्या शेरात मावलेला तांदूळ तराजूवर एक सांगे, तेवढेच पोहे भलतेच सांगत, आणि गुळाचे बोलणे तर तो किसलेला आहे की चेपलेला, यावर बदले. धान्य मापाने आणि गूळ-तूप वजनाने, अशी बाजाराची जुनी वाटणी होती. घराघरांतल्या बायका मात्र सगळेच आपापल्या मापाने घेत आणि त्यांचे काही अडत नसे. कसब्यातला यज्ञेश्वर आचारी चाळिशी उलटेपर्यंत या भानगडीकडे लक्ष न देता सुखाने जगला.

त्याच्या घरात एक मापटे होते. मापटे म्हणजे अर्ध्या शेराचे माप. हे सागाचे होते, कडेला पितळेची पट्टी होती, आणि ती पट्टी एका अंगाने इतकी झिजलेली होती की सरकारी छापाच्या मापाशी ते कधीच जुळले नसते. पण ते बाजारात कधी गेलेही नाही. त्याची बायको मथुराबाई हिने ते सासवडच्या माहेराहून आणले होते. त्यापूर्वी ते तिच्या आईचे होते, आणि आईपूर्वी कोणाचे, हे तिलाही ठाऊक नव्हते.

यज्ञेश्वर सदाशिव पेठेतल्या एका सरदाराच्या मुदपाकखान्याचा मुख्य आचारी होता. त्याच्या हाताखाली चार माणसे होती. पंक्तीत त्याच्या आमटीचे नाव निघे, पुरणाचे निघे. पण त्याचे खरे नाव होते ते अनारशांवर. अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे, ताम्हनात मांडून, वर दिवा लावून. वाड्यातल्या थोरल्या बाईंना तीन जावई होते आणि तिघेही खाण्यातले जाणकार होते. अनारसा जाळीदार हवा, खालून खसखस लागलेला, तोंडात टाकताच मोडणारा पण ताटात न मोडणारा. असा अनारसा पुण्यात यज्ञेश्वरभटाच्या झाऱ्याखालीच होतो, असे थोरल्या बाई पाहुण्यांना सांगत. यज्ञेश्वर ते ऐके आणि खाली मान घाली. त्या खाली घातलेल्या मानेत विनय किती आणि संकोच किती होता, हे सांगणे अवघड आहे. कारण अनारसे तो फक्त तळत असे.

पीठ मथुराबाईचे. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग निथळून फडक्यावर सावलीत पसरायचे, आणि ओलसर असतानाच कुटून चाळायचे. त्यात किसलेला गूळ कालवून उंडे करायचे आणि ते मुरायला ठेवायचे. एवढे कोणालाही ठाऊक होते. पिठाला गूळ किती, हे मात्र तिच्या मापट्याला ठाऊक होते. ते काम ती आतल्या खोलीत, सोवळ्यात, एकटी करी. त्या वेळी यज्ञेश्वर वाड्यावर असे. मुरलेले उंडे डब्यात भरून मिळाले की ते डोक्यावर घेऊन जाणे, एवढाच त्याचा त्या पिठाशी संबंध. वीस वर्षांत त्याने ते कालवताना एकदाही पाहिले नव्हते. पाहण्यासारखे त्यात काही आहे, असे त्याला वाटलेही नव्हते.

मग होळकरी दंगा झाला. पुणे लुटले जाईल अशी हूल उठताच ज्यांना पाय होते ते बाहेर पडले. यज्ञेश्वर आणि मथुराबाई खडकवासल्याच्या वाटेने सिंहगडाच्या पायथ्याकडे गेली आणि एका गवळ्याच्या गोठ्यात राहिली. तिने बोचक्यात दोन लुगडी, देव आणि मापटे घेतले होते. त्याने त्या मापट्याकडे पाहून विचारले की तिथे कोण अनारसे खायला बसले आहे. ती म्हणाली, "तुम्ही तुमचा झारा घेतलात तो काय गडावर तळण काढायला?" त्या सबंध हिवाळ्यात तो हसला असेल तर एवढ्या एका वेळी.

परत आली तेव्हा मथुराबाईला ताप होता. उतरे, चढे. वाड्यावरचीही रीत बदलली होती. जुने कोठावळे पळापळीत गेले ते परतलेच नव्हते. त्यांच्या जागी श्रीधरपंत नावाचे गृहस्थ कोठीवर आले होते. त्यात पाऊस फसला, धान्य महागले, आणि पेठेतल्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली माणसे बसून राहू लागली. काही बसल्या जागीच राहिली. श्रीधरपंतांनी कोठीत एक मोठा तराजू टांगला आणि यापुढे मिठापासून केशरापर्यंत सगळे वजनाने निघेल, असे जाहीर केले.

यज्ञेश्वर त्यांना सांगायला गेला की तांदूळ, डाळ, रवा हे आचारी लोक मापानेच मागतात, त्याचा अंदाज हातात बसलेला असतो. श्रीधरपंतांनी त्याला बसायलाही सांगितले नाही.

"माप सपाट भरायचं की शिगेनं?" त्यांनी विचारले.

यज्ञेश्वर म्हणाला की ते देणाऱ्याच्या हातावर असते. कोणी फळी फिरवून काठोकाठ देतो, कोणी काठावर निमुळता ढीग रचून शीग चढवतो.

"म्हणजे भांड्याच्या आत माप आणि भांड्याच्या वर मर्जी. भटजी, चोर बसतो तो त्या शिगेत बसतो. तराजूला शीग नसते. आपण आपला सगळा हिशेब तोळ्यात करून आणा."

हे बोलणे यज्ञेश्वराला लागले. आणि जे लागते ते पुष्कळदा पटतेही. घरी येताना तो स्वतःशी म्हणत होता की खरेच, ढिगाला कसले आले आहे माप. त्याने एकेक पदार्थ तोलून घ्यायला सुरुवात केली. सपाट भरायचे, सुरीची पाठ काठावरून ओढायची, पारड्यात ओतायचे, आकडा पाठ करायचा. आठ-पंधरा दिवसांत त्याला या कामाची गोडी लागली. वाड्यावरचा वरण-भात, खीर, शिरा सगळे तोळ्यात बसले. कुठे थोडे कमी-जास्त झाले तर चुलीपाशी सावरता येत होते; पाणी घाल, साखर घाल, आच कमी कर. आचाऱ्याचे डोळे तेवढ्यासाठीच असतात.

अनारसे मात्र चुलीपाशी सावरता येत नाहीत. जे ठरते ते पीठ कालवतानाच ठरते.

मथुराबाईचा ताप उतरेना आणि घसा पार बसला, तेव्हा त्याला हे आठवले. वैद्यांनी काही बोलायचे सोडून दिले होते. पुढचा अधिक महिना अजून बराच लांब होता. पण तो येणारच होता, आणि त्या वेळी पीठ कोण करणार, हा प्रश्न मनात आल्याची त्याला स्वतःचीच किळस आली. तरी त्याने तिला विचारले. तिने घोगऱ्या कुजबुजीत सांगितले, "पिठाचं मापटं, गुळाचं मापटं. तुपाचा नुसता हात."

इतके सोपे. त्याने तांदूळ भिजवले, तिसऱ्या दिवशी स्वतः कुटले, चाळले. श्रीधरपंतांच्या परवानगीने कोठीतला लहान तराजू घरी आणला. उंबऱ्याच्या आत तो सोवळ्याने बसला. उंबऱ्याबाहेर अंथरुणावर मथुराबाई कुशीवर वळून पाहत होती. मापटे त्याने पिठाने भरले, सुरीची पाठ ओढली, वरचे पीठ खाली परातीत पडले. मग त्याने एकेक वजन पारड्यात टाकायला सुरुवात केली.

त्याच वेळी ती काहीतरी बोलू पाहत होती. आवाज फुटला नाही. तिने हात उचलला, पाचही बोटांची टोके जुळवली आणि हात थोडा वर नेला. पुन्हा तसेच केले. यज्ञेश्वराच्या तोंडात आकडा होता. तो म्हणाला, "थांब गं, चुकेल माझं." चोवीस तोळे पीठ. त्याने तो आकडा मनात पक्का केला, मग उठला, सोवळे मोडते तर मोडो असे म्हणून तांब्या घेतला आणि तिच्या ओठांना लावला. तिला तहान लागली आहे, हे त्याला बोटांवरून कळले होते. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग पाणी प्याली आणि डोळे मिटले.

गुळाचे मापटे त्याने तसेच सपाट तोलले. गूळ जड, तो अठ्ठावीस तोळे भरला.

चार दिवसांनी ती गेली; सुतकात ते पीठ न तळताच टाकून द्यावे लागले. त्या चार दिवसांत तिने पुन्हा तो हात उचलला नाही. सांगून उपयोग नाही असे तिला वाटले, की सांगायचे होते तेच विसरले, याचे उत्तर मिळण्याची सोय नाही.

ओंकारेश्वराच्या घाटावर लाकडे रचली तेव्हा यज्ञेश्वराने उपरण्याखालून मापटे काढले आणि तिच्या उजव्या हाताशी ठेवले. गुरुजींनी भुवया उंचावल्या. तो म्हणाला की हे तिच्या आईचे आहे, तिच्याबरोबर जाऊ दे. मनात आणखी एक गोष्ट होती, ती तो बोलला नाही: आता त्याची गरज नव्हती. मापट्यात जे होते ते त्याने तोळ्यात उतरवून घेतले होते. साग जुना होता. चांगला जळला.

दंग्यानंतरचा पहिला अधिक महिना आला तेव्हा पुण्यात तांदूळ सोन्यासारखा तोलला जात होता. थोरल्या बाईंनी तरीही वाण सोडले नाही. उलट, असल्या दिवसांत ते सोडणे बरे नव्हे, असे त्यांचे मत पडले. मुख्य आचाऱ्याची जागा रिकामी व्हावी म्हणून वाट पाहणारा एक जण मुदपाकखान्यात होताच. त्याने कोपऱ्यातून विचारले की भटजी, पीठ आता कोण करतं. यज्ञेश्वर म्हणाला की मीच करतो. त्या उत्तरात जागा टिकवण्याची धडपड होती, हे खरे. पण अनारसा तळून ताटात पडला की मथुराबाईची एक गोष्ट तरी अजून जगात घडू शकते, असेही त्याला वाटत होते, आणि ते वाटणे जागेपेक्षा मोठे होते. बाकी तिचे काय राहिले होते? लुगडी वाटून झाली होती. देव तर सगळ्यांचेच.

त्याने कोठीतून तांदूळ आणि गूळ वजनाने घेतला, घरी नेऊन तिच्या खोलीत बसून पीठ केले, चोविसाला अठ्ठावीस अशा प्रमाणात गूळ कालवला, उंडे मुरवले. वाड्यावर कढई चढली. थोरल्या बाई पाटावर येऊन बसल्या. पहिला अनारसा त्याने खसखशीवर थापला आणि अलगद तुपात सोडला.

तो हसला. तळणीत पडून पसरणाऱ्या, विरघळून जाणाऱ्या अनारशाला बायका हसला म्हणतात. जाळी पडता पडता कडा सुटल्या, मधला भाग मोडला, आणि तुपात तपकिरी भुगा तरंगू लागला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्याला त्याने आच कमी केली, चौथ्याला वाढवली. पाचव्यानंतर तूप इतके गढूळ झाले की कढई उतरवावी लागली. थोरल्या बाई उठल्या आणि जाताना म्हणाल्या, "अधिक महिना अजून आहे. पुन्हा करून पाहा."

श्रीधरपंतांनी स्वतः येऊन तराजू तपासला. पारडी रिकामी टांगली, वजने एकमेकांशी ताडून पाहिली. काही खोटे नव्हते. हा माणूस कठोर होता, दुष्ट नव्हता. असल्या महागाईत त्याने दुसऱ्या खेपेचा तांदूळ काढून दिला तो स्वतःच्या जबाबदारीवर. देताना एवढेच म्हणाला, "वजन बरोबर, माणूस बरोबर. आता तांदळालाच विचारा."

यज्ञेश्वराने खरोखरच तांदळाला विचारले. नवा की जुना, हे दाताखाली धरून पाहिले. गुळाची ढेप बदलून घेतली. मग त्याला वाटले की चूक पाण्यात आहे. ओल्या पिठाच्या वजनात पाणीही तोलले जाते आणि या खेपेस पीठ जास्त ओले राहिले असावे. विचार अगदी योग्य होता. चुकीच्या जागी नेणारे विचार पुष्कळदा योग्यच असतात. त्याने तांदूळ एक दिवस जास्त निथळवला, पीठ दोनदा चाळले, आणि गुंजेचाही फरक राहू नये म्हणून वजन तीनदा केले. तेच चोवीस, तेच अठ्ठावीस.

दुसरी खेप पहिलीपेक्षा लवकर हसली.

वाण द्यायच्या दिवशी अनारसे बुधवारातल्या एका आचाऱ्याकडून आले. संध्याकाळी श्रीधरपंतांनी यज्ञेश्वराला कोठीत बोलावले आणि या वेळी बसायला सांगितले. त्यावरूनच त्याला कळले. मुदपाकखाना उद्यापासून दुसऱ्याकडे जाईल, त्याने हवे तर त्याच्या हाताखाली राहावे, असे थोरल्या बाईंचे म्हणणे होते. तो नको म्हणाला. झारा स्वतःचा होता. तो घेऊन घरी आला.

दोन दिवसांनी दुपारी सोजरबाई दारात उभी राहिली. ही पर्वतीच्या पायथ्याच्या खेड्यातली कुणबीण. मथुराबाईच्या वेळी घरी भात कांडायला येई. दुष्काळात तिचे कांडप बंद पडले होते, आणि पसाभर काही मिळेल का, एवढे पाहायला ती आली होती. यज्ञेश्वराने तिला जोंधळे दिले. ओसरीवर परातीत गूळ न मिसळलेले पीठ उरले होते, त्याला आंबूस वास येऊ लागला होता. तिने ते ओळखले. अनारशाचं हाय न्हवं, असे म्हणून ती पायरीवर टेकली. बोलायला कोणी नसल्यामुळे असेल, यज्ञेश्वराने तिला सगळे सांगितले: मापटे, तराजू, दोन्ही खेपा.

सोजरबाईने विचारले की पीठ कसे भरले. त्याने सपाट, सुरीची पाठ ओढून, असे सांगितले.

"काकू न्हाई सपाट भरत," ती म्हणाली. "कांडप झालं की मी हितंच बसायची, मजुरीच्या तांदळासाठी. आत काकू दिसायच्या. गुळावर तळहात फिरवायच्या, त्यो सपाट. पिठाला शीग लावायच्या. अशी." आणि तिने पाचही बोटांची टोके जुळवून हात वर नेला.

यज्ञेश्वराने त्या हाताकडे पाहिले. मग अंथरूण असे त्या जागेकडे पाहिले; दोन्ही खेपांना पीठ एका शिगेने कमी पडले होते. सोजरबाईला वाटले की आपले काही चुकले, म्हणून ती जोंधळ्याची गाठ बांधून उठू लागली.

त्याने तिला थांबवले. तांबट आळीतून घरखर्चासाठी आणलेले नवे पितळी मापटे होते, छापाचे. ते त्याने उंबऱ्यावर ठेवले, शेजारी परात ठेवली, आणि म्हणाला, "सोजरबाई, दाखव. किती उंच?"

"मी शिवू व्हय पिठाला?"

"शीव."

तिने पदराला हात पुसले. ओंजळीने पीठ घेतले आणि मापट्यावर सोडले. शीग चढली, टोक आले, आणि एका बाजूने घसरली. न्हाई, याच्यापरीस वर हुती, असे म्हणून तिने पुन्हा भरले. या वेळी टोक राहिले. तिने मान तिरकी करून पाहिले. जरा जास्तच झाली, म्हणाली. आणि काकूंचं मापटं रुंद हुतं का अरुंद, ते काई ध्यानात येत न्हाई. रुंद असंल तर शीग बसकी दिसनार. यज्ञेश्वराने दोन्ही हातांनी हवेत त्याचे तोंड दाखवायचा प्रयत्न केला. हात जवळ आणले, लांब नेले. झिजलेली बाजू कोणती होती तेवढी त्याला आठवत होती.

तिने आणखी कितीतरी वेळा भरून पाहिले. प्रत्येक शीग थोडी निराळी होती, आणि प्रत्येक वेळी यज्ञेश्वर आशेने तिच्या तोंडाकडे पाही. शेवटी तिने हात मागे घेतले. ते कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

"काका, आता मलाबी नीट दिसंना," ती म्हणाली. "आधी डोळ्यांपुढं हुतं. एवढ्या शिगा बघितल्या, त्यात त्यांची कंची, ते गेलं."

ती गेल्यावर यज्ञेश्वर उंबऱ्यापाशीच बसून राहिला. एखादा दुसरा आचारी त्या ठिकाणी उठला असता, त्याने पिठाचे दहा घाणे करून पाहिले असते, आणि त्यांतला एखादा जमलाही असता. यज्ञेश्वरालाही ते कळत होते. जमलेला अनारसा त्याला येत्या वर्षांत कधीतरी मिळाला असता; तो मथुराबाईचा आहे की नाही हे सांगणारे मात्र कोणी उरले नव्हते. वाणातला अनारसा जावयांखेरीज कोणी खात नसे; त्याने स्वतः तो नुसता तळला होता. तिच्या हातचे खाल्लेले दोन जावई दुष्काळाआधीच्या साथीत गेले होते. तिसऱ्याने बुधवारातले अनारसे खाऊन, नेहमीसारखेच झाले आहेत, असे सांगितले होते.

परातीतले पीठ आता खाण्याजोगे राहिले नव्हते. त्याने ते मापट्यात भरले आणि सुरी न घेता तसेच ठेवले. मग त्याने आपली पाच बोटे जुळवली आणि हात थोडा वर नेला, जसा अंथरुणावरून तिने नेला होता. बाहेरून कोणी पाहिले असते तर त्यालाही वाटले असते की माणसाला तहान लागली आहे.